चौथ्या आणि पाचव्याच्या मधे

चौदा दिवसांची फट असते.
पहिले पाच ओकाऱ्यांचे, पुढचे तीन झोपेचे,
उरलेले सहा आपले.
त्यातल्या चार दिवसांसाठी
तन्मयने सेनेका तळ्याकाठी घर घेतलं भाड्याने
आणि फोनवर म्हणाला,
आई, यावेळी फक्त खायचं.

खायचं.
ज्या जिभेला गेले दोन महिने
वरण, चहा, साधं पाणीसुद्धा
कल्हई उडालेल्या पातेल्यातल्या ताकासारखं
कळकलेलं लागतंय,
तिचे चोचले पुरवायला निघालो
आम्ही सहा जण,
आणि कुंदाच्या मांडीवर एडिसनपासून
लिंबाच्या लोणच्याची बरणी,
लागलं तर असावं म्हणून.

मला गार चालत नाही.
दाराची गार मूठ धरली की बोटांत सुया,
गार घोट घेतला की घशात काच.
हातमोजे घालून मी फ्रीज उघडते,
रेवा ओरडते, आजी चोरी करतेय!
गाडीत तिनेच आपला एक मोजा काढून दिला,
गळपट्टीखालच्या पोर्टवर
पट्टा काचू नये म्हणून.
मोज्यावर बदकं होती.

ऑक्टोबर. उतारावरून तळ्यापर्यंत वेल,
पिवळट पानं, हवेत द्राक्षांचा
जरा जास्तच गोड वास.
पहिल्याच वायनरीत एका दाढीवाल्या मुलाने
रिझलिंग ओतली. ग्लासांना घाम फुटलेला.
हिरवं सफरचंद, तो म्हणाला,
थोडा मध, शेवटी ओला दगड.
अच्युत गंभीरपणे मान डोलावत होता,
ज्याला चहात साखर घातलीय की नाही
हेही सांगावं लागतं.

मग त्याने माझा ग्लास उचलला
आणि दोन्ही तळव्यांत धरून बसला.
बाळाचं दूध निववतात ना,
तेच, उलट्या दिशेने.
अशाने वाइन बिघडते, सर, मुलगा म्हणाला.
बिघडू दे, अच्युत म्हणाला, मराठीत.
तन्मयने भाषांतर केलं नाही.

दोन घोटांची परवानगी होती.
पहिल्यात दगड लागला नाही,
सफरचंद नाही, मध तर नाहीच.
कळकही नाही.
छाटणीतून सुटून पानाआड राहिलेलं
पिंपळगावचं एखादं हिरवं द्राक्ष
लहानपणी तोंडात टाकावं
आणि एक डोळा आपोआप मिटावा,
तसं काहीतरी.

आंबट आहे, मी म्हणाले.

पाचही जण माझ्याकडे बघत राहिले
बाळ पहिला शब्द बोलल्यासारखे.
केटलिन उठून बाहेर गेली,
तळ्याचे फोटो काढायला,
फोन टेबलावरच विसरून.

दुसरा घोट पुन्हा कळकलेला होता.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर काय काय खाल्लं!
म्हणजे त्यांनी खाल्लं, मी पाहिलं,
बदकाची तंगडी, धुरकट चीज,
लोण्यात परतलेल्या अळंब्या
(त्या मीही, चार).
नेपल्स नावाच्या गावात काळ्या द्राक्षांचा पाय मिळाला,
आणि रेवा, जिचं मराठी माझ्या औषधांच्या वेळांत वाढलंय,
ताटलीखाली वाकून बघत म्हणाली,
आजी, द्राक्षाला पाय असतो, तर दुसरा कुठेय?
तो गरम होता. तोंड जांभळं झालं सगळ्यांचं.
मी लोणच्याची फोड लावून खाल्ला.
कुंदाने ‘बघा’ असं कुणालाच उद्देशून म्हटलं.

निघताना अच्युतने एक बाटली
वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवली.
ही बाराव्याला उघडू, म्हणाला.
गाडीत एकदम शांतता.
अहो, बारावा काय! कुंदा किंचाळली,
बारावी केमो म्हणा, बारावी!
तो कानापर्यंत लाल.
मी इतकी हसले
की बदकांचा मोजा निसटून खाली पडला
आणि तो शोधायला
रस्त्याच्या कडेला गाडी थांबवावी लागली,
इंजिन चालू,
डिकीत बाटल्या एकमेकींवर किणकिणत,
मंगळवार अजून दोन दिवस लांब.